कौतुक आवरा!

माझ्या मुली वाईट खेळल्या तर तसं तोंडावर सांगा. एवढीच माझी मागणी आहे, आणि ती पुरी करायला कुणी तयार नाही.

मी कोल्हापुरात चौदा वर्षांखालच्या मुलींना फुटबॉल शिकवते. या गावाला फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही. पाटाकडील आणि दिलबहार हे पेठांचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला जागा उरत नाही आणि मॅच संपल्यावर तिचं शवविच्छेदन कट्ट्याकट्ट्यावर चालतं. कुठल्या बॅकने माणूस सोडला, कुठल्या हाफने चेंडू पायात ठेवून वेळ घालवला, हे चहा ओतणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. पेठेचा खेळाडू चुकला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. मला ते ऐकायला बरं वाटतं, कारण शिव्या देणारा माणूस निदान मॅच बघत असतो. तोच माणूस कधी चुकून माझ्या मुलींच्या सामन्याला उभा राहिला तर त्याच्या डोळ्यांवर झापड येते. पाच हातांवरचा पास बाहेर गेला, "छान!" कीपरच्या हातून चेंडू निसटून जाळ्यात गेला, "असू दे, असू दे, छान!" बॅक भलतीकडेच बघत उभी राहिली आणि फॉरवर्ड तिच्या पाठीमागून निघून गेली, तरी टाळ्या. जाताना मला सांगून जातो, "मॅडम, मुली असून काय खेळतात हो!"

हे मी हसून ऐकून घ्यावं, अशी अपेक्षा असते. मी घेत नाही, म्हणून मी खडूस. असेन. पण ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नसते त्याचंच असं सरसकट कौतुक होतं, हे कळायला फार अक्कल लागत नाही. आणि एकदा कौतुकात सगळं बसवलं की मग त्या मुलींना मैदान, वेळ, पंच, पाणी, आडोसा यांतलं काहीही नीट द्यावं लागत नाही. टाळी फुकट असते.

परवाच्या मे महिन्यातली एक मॅच सांगते. तालुक्याचं गाव, एका नेत्याच्या वाढदिवसाचा चषक. स्पर्धा मुलांची. मुलींचा गट मागाहून चिकटवला होता आणि तो का, हे वेशीवरचा फ्लेक्स बघूनच कळत होतं. वर नेता, त्याच्या भोवती छोट्या गोलांत त्याचे कार्यकर्ते, खालच्या कोपऱ्यात फुटबॉल घेतलेली एक हसरी सोनेरी केसांची पोरगी. कुठल्या देशातल्या जाहिरातीतून उचलली होती कोण जाणे. मुलांना पहिलं बक्षीस 51 हजार, मुलींना 11 हजार. हे वाचूनही मी संघ नेला, कारण मुलींना सामने मिळतच नाहीत. शालेय स्पर्धा म्हणजे बाद पद्धत, एक हरलात की वर्ष संपलं. जिल्ह्यात मुलींचे संघ इतके थोडे की कधी कधी समोरचा संघ येतच नाही, पुढे चाल मिळते आणि एकही चेंडू न मारता पोरी पुढच्या फेरीत जातात. प्रमाणपत्र मात्र मिळतं. पुष्कळ शाळांना आणि पालकांना हवं असतं तेच, कारण वरच्या पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पंचवीसपर्यंत. दहावीचा निकाल लागला की त्यातल्या निम्म्या मुली मला रस्त्यात भेटतात. "आता क्लास असतो मॅडम." गुण पदरात पडले, फुटबॉल संपला.

तर उपांत्य सामना. वेळ दुपारी तीनची होती, ती एकवर आणली. का, तर पाच वाजता मुलांची फायनल आणि तिला साहेब येणार, त्याआधी मैदान पाणी मारून तयार हवं. पत्रकात 25-25 मिनिटांचा खेळ छापला होता, मैदानावर गेल्यावर कळलं 12-12 मिनिटांचा आहे. मे महिना, दुपारी एक. मोठ्यांच्या स्पर्धांत उष्णता आणि दमटपणा मिळून जो निर्देशांक काढतात तो 32 अंशांवर गेला की फिफा पाणी पिण्यासाठी खेळ थांबवायला सांगते. इथे थंडगार मंडप होता, कूलर होता, पण तो पाहुण्यांच्या रिकाम्या सोफ्यांवर वारा घालत होता. मी वॉर्मअपसाठी वीस मिनिटं मागितली. "मॅडम, वेळ नाही, उन्हानं गरम झाल्याच आहेत की पोरी," असा विनोद झाला आणि सगळे हसले. हा विनोद करणाऱ्याला सांगून ठेवते. वयात येणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातला पुढचा लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, तो मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो. कमरेची ठेवण, उडी मारून खाली येताना गुडघा आत वळण्याची सवय, मांडीच्या मागच्या स्नायूंचा कमकुवतपणा, अशी त्याची कारणं अभ्यासकांनी मांडली आहेत. त्यावर फिफाने 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा व्यायाम बसवून दिला आहे. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, मोकळी जागा आणि वीस मिनिटं लागतात. ऑपरेशनला मात्र लाखांत पैसे लागतात आणि पुढे बहुतेक घरांतून एकच वाक्य येतं, "सांगितलं होतं, खेळू नको."

कपडे बदलायला जागा नव्हती. आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या आडोशाला दोन चादरी धरून काम झालं. ते आता अंगवळणी पडलं आहे, त्यावर शाई घालवत नाही. पण आयोजकांनी सगळ्या मुलींच्या संघांना फुकट किट दिलं होतं, छातीवर नेत्याचं नाव, आणि खाली पांढरी शुभ्र चड्डी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना पांढऱ्या चड्ड्या वाटणाऱ्या समितीतल्या एकाच्याही घरात बाई राहत नसावी. इंग्लंडच्या महिला संघाने 2023 साली पांढरी चड्डी सोडून निळी घेतली, ती याच कारणासाठी, खेळाडूंनी तसं उघड बोलून मागितलं म्हणून. आम्ही आमच्या जुन्या गडद निळ्या घातल्या. त्यावर टेबलावरून विचारणा झाली, "साहेबांनी दिलेलं किट का नाही?" मी कारण सांगितलं, मोठ्याने, स्पष्ट शब्दांत. तिघे जण एकदम कागद चाळायला लागले.

आता खेळाकडे येते. माझ्या संघात एकच दंडक आहे, चेंडू उडवायचा नाही. मागून, कीपरपासून, पायापायातून चेंडू पुढे न्यायचा. लहान वयात चेंडू उडवून जिंकलेली मॅच ही पुढच्या पाच वर्षांची उसनवारी असते. पालकांना हे पटत नाही. बाहेरून सारखं चालू असतं, "काढ! उडव गं!" समोरच्या संघाचे सर तर बेंचवर बसलेच नाहीत. चेंडू कुणाकडेही असो, ते ओरडत होते, आणि त्यांच्या मुली जरा मागे पडल्या की म्हणत होते, "काय पोरींसारखं खेळालाय गं!" पोरींनाच. त्यांच्या अकराजणींपैकी एकीलाही हे विचित्र वाटलं नाही. त्यांची नऊ नंबर माझ्या स्टॉपरपेक्षा हातभर उंच होती. जन्मतारखेचा दाखला बघायला मी गेले नाही. दाखला कुठून कसा मिळतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर वय पडताळायला मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढायची वेळ भारतीय फुटबॉलवर आली.

पाचव्या-सहाव्या मिनिटाला आमची गोल किक. कीपरने छोट्या डीच्या रेषेवरून चार नंबरला बारका पास दिला, चार नंबर मोठ्या डीतच उभी. हे आम्ही घोटून बसवलेलं. शिट्टी. पंच म्हणाले, चेंडू डीच्या बाहेर गेला पाहिजे, परत मारा. कीपरने परत तसाच मारला. परत शिट्टी. मग ती पोरगी, उंची जेमतेम साडेचार फूट, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, तो नियम बदललाय." बदललाच आहे. 2019 पासून गोल किक मारून चेंडू हलला की खेळ सुरू, डीच्या बाहेर जायची अट संपली. जगातले कितीतरी संघ तेव्हापासून असाच मागून खेळ उभारतात, टीव्हीवर रोज दिसतं. पंच म्हणाले, "जास्त शहाणपणा नको. लांब मार." तिने लांब मारला. तेरा वर्षांच्या मुलीची लांब म्हणजे किती लांब? डीच्या कमानीपाशी त्यांच्या नऊ नंबरच्या पायात पडला, तिने तिथूनच उचलून कीपरच्या डोक्यावरून आत टाकला. 0-1.

नियमांच्या पुस्तिकेची छापील प्रत माझ्या पिशवीत असते. मध्यंतराला ती घेऊन टेबलाकडे गेले. पत्रकात लिहिलं होतं, लेखी तक्रार आणि दोन हजार रुपये अनामत. पैसे काढून ठेवले. तिथला माणूस अगदी गोड होता. "अहो मॅडम, ठेवा ते. मुलींचीच तर मॅच आहे, एवढं काय मनावर घेता? पोरी छान खेळतायत की!" मी म्हटलं, छान खेळतात की नाही ते मी बघते, तुम्ही नियम बघा. तेव्हा खरं बाहेर आलं. तक्रार समिती फक्त मुलांच्या गटासाठी नेमली होती. मुलींच्या सामन्यात तक्रार उद्भवू शकते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हीच चूक मुलांच्या उपांत्य सामन्यात झाली असती तर ते टेबल उलटं झालं असतं, आणि मी सांगते, उलटं करणाऱ्यांच्या बाजूने मी उभी राहिले असते. टेबल उलटं करणं म्हणजेही त्या खेळाला किंमत देणं आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगते. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या संघाचा सामना बघायला 53 हजार माणसं आली होती. प्रेस्टन गावच्या कारखान्यातल्या कामगार बायका होत्या त्या. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही, आणि आपल्या सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद करून टाकली. ती बंदी पन्नासएक वर्षं टिकली. दुष्टपणाच होता. पण त्या टोपीवाल्यांना 53 हजारांची भीती तरी वाटली होती. आमच्याकडे मुलींवर बंदी घालायची वेळच येत नाही. हार घालून, रणरागिणी म्हणून, दुपारी एक वाजता बारा-बारा मिनिटं खेळवून घरी पाठवता येतं.

उत्तरार्धात आम्ही दाबून खेळलो. सात नंबर डावीकडून निघाली, शेवटच्या बॅकला मागे टाकलं, डीत शिरली, समोर फक्त कीपर. आणि शिट्टी. मला वाटलं ऑफसाइड. लाइनमनचा झेंडा खाली. मग दिसलं, मैदानाच्या फाटकातून पांढऱ्या गाड्या आत येत होत्या. साहेब पाचऐवजी आताच आले होते. पंचांनी खेळ थांबवला. दोन्ही संघ रांगेत. साहेबांनी मुलींशी हस्तांदोलन केलं, दोघींना विचारलं "कितवीत आहेस?", कुणालाही विचारलं नाही की स्कोअर काय आहे. फोटो झाला. माइकवाल्याने "झाशीच्या राणीच्या लेकी" म्हणून घेतलं. मग खेळ पुन्हा सुरू, ड्रॉप बॉलने. आणि बघा गंमत, 2019 मध्येच तोही नियम बदलला. डीत खेळ थांबला असेल तर ड्रॉप बॉल थेट बचाव करणाऱ्या कीपरलाच द्यायचा, दोघींत झुंज नाही. हा बदल मात्र पंचांना बिनचूक पाठ होता. चेंडू त्यांच्या कीपरच्या हातात दिला. आमची सात नंबर तिथेच, कंबरेत वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती. मंडपातून टाळ्या चालूच होत्या, साहेब बसत होते म्हणून.

बरोबरी आम्ही तरीही केली. शेवटचं मिनिट असेल. कीपरने यावेळी हाताने चेंडू चार नंबरकडे सरपटवला. चारने सहाला दिला, सहाने अंगावर फॉरवर्ड आल्यावर न घाबरता परत चारला, तिने उजवीकडे दोनला. दोनने रेषेवरून आत आठला, आठने थांबवलाच नाही, आल्या चेंडूला आतल्या बाजूने दोन बॅकच्या मधून वाट करून दिली, आणि सातने कीपरच्या डाव्या पायाशेजारून जमिनीलगत घातला. धुळीच्या उखडलेल्या मैदानावर, तेरा वर्षांच्या मुलींनी. पेठेच्या एखाद्या संघाने हा गोल केला असता तर पुढच्या हंगामापर्यंत त्याच्या गप्पा चालल्या असत्या. माइकवाला काय म्हणाला? "वा! रणरागिणी आठ नंबर!" आमची आठ नंबर रणरागिणी नाही. ती उजव्या पायाची मधली हाफ आहे, तिला डावा पाय वापरायचा कंटाळा आहे, आणि तो चेंडू तिने न थांबवता दिला हे तिने महिनाभर भिंतीवर चेंडू मारून कमावलं आहे. तेवढं सांगायला माइकवाल्याला मॅच बघावी लागली असती.

टायब्रेकरवर हरलो, 3-2. त्याबद्दल रडगाणं नाही, पण गोलपोस्टबद्दल बोलायचं आहे. पूर्ण मापाचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, म्हणजे 24 फूट बाय 8 फूट. त्यात साडेचार फुटांची मुलगी उभी करा. तिने उडी मारून हात वर केले तरी वर दीड-दोन फूट मोकळं आकाश राहतं. मग शहाणा कोच काय शिकवतो? पास नको, ड्रिबलिंग नको, फक्त चेंडूच्या खाली पाय घालून तो उचलायला शिका. समोरच्या सरांनी तेच शिकवलं होतं आणि टायब्रेकरला तेच कामी आलं. स्पर्धा जिंकायचं ते सर्वांत स्वस्त औषध आहे. इंग्लंडमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना नऊ-नऊचा संघ आणि 16 फूट बाय 7 फुटांचा गोल असतो, तेरा-चौदाला 21 फूट बाय 7. तिथली मुलंमुली आपल्यापेक्षा उंच असूनही. आपल्याकडे मोठ्यांच्या मापाचे लोखंडी खांब जमिनीत पक्के रोवलेले असतात आणि ते हलवायची कल्पनाच कुणाला सुचत नाही. मग स्पर्धेतून वर येतात त्या चेंडू लांब उचलणाऱ्या, उंच वाढलेल्या मुली. पायात चेंडू ठेवू शकणारी, बारकी, हुशार पोरगी नववीतच घरी बसते. आणि पुढे आपणच हळहळतो, आपल्या संघाला चेंडू ताब्यात ठेवता येत नाही हो.

ठेवता येत नाही हे आम्ही बघितलं आहे, घरच्याच मैदानावर. 2022 च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0, ब्राझीलकडून 5-0. तीन सामने, सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात परदेश दौऱ्यावर असताना या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावं लागलं होतं, आणि ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघच निलंबित केल्यामुळे स्पर्धाच हातची जाते की काय अशी वेळ आली होती. ज्या मुली खेळल्या त्यांना या सगळ्यातून जावं लागलं. क्रिकेटचा संघ असा हरला असता तर पुतळे जळले असते, चौकशा लागल्या असत्या, निवड समितीची झोप उडाली असती. इथे काय झालं? मुलींनी मनं जिंकली. झालं, प्रकरण मिटलं. त्या संघाची कर्णधार अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या गावात तिच्या घरापर्यंत तिच्या सन्मानार्थ रस्ता करायला घेतला, आणि त्या रस्त्यावर रोजंदारीने खडी टाकायला होते तिचेच आईबाप. कौतुक कशाला म्हणतात हे कुणाला उदाहरण देऊन समजवायचं असेल तर मला याहून चांगलं सापडत नाही.

आणि कुणी म्हणू नये की आपल्या मुलींना जमतच नाही. 1980 साली कोळिकोडला आणि 1983 साली बँकॉकला भारताच्या बायका आशियाई स्पर्धेत उपविजेत्या होत्या. त्यानंतर संघटनांनी त्यांना इतकं जपून ठेवलं की मधल्या काळात सामनेच नाहीत म्हणून फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नाव गळालं. 2025 च्या जुलैत चिआंग माईला थायलंडला 2-1 हरवून संघ आशियाई चषकाला पात्र ठरला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. हे नाव ऐकलंय का, असं मी आमच्या पालकसभेत विचारलं. मुलींनी हात वर केले. बापांनी एकमेकांकडे बघितलं. महाराष्ट्राचं तर विचारूच नका. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाऊंचं नाव दिलं आहे. तो मणिपूरने वीसपेक्षा जास्त वेळा नेला. आपण एकदाही नाही. नाव आपलं, करंडक इंफाळला.

बक्षीस समारंभाला थांबणं भाग होतं, कारण आमच्या आठ नंबरला उपांत्य सामन्याची सामनावीर ठरवलं होतं. मुलांच्या सामनावीराला फुटबॉलचे बूट दिले, चांगल्या कंपनीचे. आठ नंबरला कॅसरोल. चपात्या गरम ठेवायचा डबा, वर गुलाबाचं फूल छापलेला. साहेबांनी भाषणात सांगितलं की मुली चूल आणि मूल सोडून मैदानात उतरल्या आहेत. डबा तेव्हा तिच्या हातात होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघी हसू दाबत खाली बघत राहिलो. नंतर आयोजक जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीही आणा हं पोरी. मुली असल्या की स्पर्धेला शोभा येते." मी म्हटलं, गोल किकचा नियम वाचलेला पंच, पंचवीस मिनिटांचा हाफ, सकाळची वेळ, छोटा गोल आणि मुलींच्या गटाला तक्रार समिती. लेखी द्या, येते. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

परतताना गाडीत आमच्याच दोन आया मागे वळून मुलींना समजावत होत्या, "हरलात म्हणून काय झालं, किती छान खेळलात!" मी पुढून सांगितलं, छान नाही. चार नंबर, तू पहिल्या गोलला चार-पाच पावलं मागे होतीस. पंचाने लांब मारायला लावला हे कबूल, पण चेंडू कुठे पडणार हे तुला दिसत होतं, तू कमानीपाशी असतीस तर नऊ नंबरला वळायलाच मिळालं नसतं. एक आई माझ्यावर चिडली. "बिचाऱ्या दमल्यात हो मॅडम, आता कशाला?" मुलांच्या टेम्पोत याच वेळी काय बोलणं चाललं असेल हे मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसले नाही. आणि बिचारी तर मुळीच गप्प बसली नाही.

"मॅडम, मी पुढं सरकले असते की. पण मग माझ्या पाठीमागं कोण? सहा नंबर माघारी आलीच नव्हती."

"आले होते!" सहा नंबर मागच्या सीटवरून उठली. "तुझ्याच डाव्या हाताला होते. तू बघितलंस कुठं?"

"डाव्या हाताला काय करत होतीस? त्यांची नऊ नंबर उजव्या पायाची आहे, उजवीकडंच वळणार!"

आठ नंबरने कॅसरोलचं झाकण काढून खिडकीच्या काचेजवळ मधोमध ठेवलं, हा गोल म्हणाली, आणि दोघींना म्हणाली, दाखवा आता कोण कुठं होतं. दोन चिंचा स्टॉपर झाल्या, पाण्याच्या बाटलीचं बूच नऊ नंबर झालं. पेठनाका आला तरी ठरलं नव्हतं.